न चढलेला गंज

अल्फारेटा,
२ जून २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आ. वि. वि.

काल हिमानीचा फोन आला होता. मला फोनवर निम्मंच ऐकू येतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून पोरगी घसा ताणून बोलत होती. तरी मला वाटलं कानातलं मशीन बिघडलं. तीनदा विचारून घेतलं, तिन्ही वेळा तेच. तुझ्या ओव्हनमध्ये, ज्या ट्रेवर दीपा नानकटाई भाजायची त्याच ट्रेवर, रिव्हॉल्व्हर वाळत ठेवलं होतं. केया बिस्किटं आहेत का बघायला गेली आणि आजोबांनी काय बेक केलंय ते दाखवायला आईला हात धरून घेऊन आली. मी हे ऐकून खुर्चीत बसले ती उठलेच नाही. सुशांत ऑफिसातून आला, त्याला म्हटलं, तुझ्या मामाने पिस्तूल घेतलंय. तर तो फ्रिज उघडता उघडता म्हणाला की अमेरिकेत बरेच जण घेतात. मला त्याचाही राग आला.

अरे, तू जन्मात कधी लवंगी फटाका लावला नाहीस. नागपूरला दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल मी वाजवायचे आणि तू पलंगाखाली कानात बोटं घालून बसायचास. त्या तुझ्या घरात खरं हत्यार, आणि तेही चार वर्षांच्या नातीच्या हाताशी. हिमानी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच सांता क्लाराला परत गेली, त्यात तिचं काय चुकलं? ते घरात असेपर्यंत केयाला पाठवणार नाही म्हणते. नात गमावशील अशाने.

आता एकच गोष्ट विचारते, आणि सरळ विचारते, कारण आडून विचारणं मला जमत नाही. दीपाला जाऊन अडीच वर्षं झाली. रिटायर होऊन घरात एकटा असतोस. तुझ्या मनात काही भलतंसलतं नाही ना? असेल तर मला सांग. मी आज विमानात बसते. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतोस. पत्रात तुला खोटं बोलता येत नाही, अक्षर बदलतं.

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला रागही आहे. दोन्ही घे.

तुझी,
ताई


नोव्हाय,
११ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी हसलो, मग शेवटचा भाग वाचला आणि हसू गेलं. ताई, तुझी शपथ, तसलं काही मनात नाही. दीपाची आठवण रोज येते, पण मला जगायचं आहे. चांगलं, शुद्धीत जगायचं आहे. अक्षर बघून घे, बदललेलं नाही.

हे रिव्हॉल्व्हर म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या मॉडेलची नव्याने केलेली नक्कल आहे, इटलीत बनलेली. यात काडतूस जातच नाही. चक्राला सहा घरं असतात. एकेका घरात मापाने काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवून दांड्याने दाबायची, तोंडाला वंगण लावायचं आणि मागे टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची. सुरक्षेसाठी एक घर रिकामं ठेवून पाच बार भरायला मला दहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात चोर चहा पिऊन जाईल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी श्रीराम, माझ्या जुन्या डिपार्टमेंटमधला, मला त्याच्या क्लबात नेतो. तिथे सगळे आमच्यासारखेच म्हातारे धूर काढतात आणि सँडविच खातात.

खरं काम घरी आल्यावर असतं. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते. त्याच दिवशी धुतलं नाही तर दुसऱ्या सकाळी नळीत तांबूस गंज दिसतो, दोन-तीन दिवस गेले तर आणखी वाढतो. म्हणून सगळं सुटं करायचं, कडकडीत पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचं, ब्रश फिरवायचा आणि मंद ओव्हनमध्ये वाळवायचं. मशीनचं तेल इथे चालत नाही, काजळीत मिसळून त्याचं डांबर होतं. बाकीचे लोक चरबी लावतात. मला ते जमेना, म्हणून मी साजूक तूप आणि मधमाशीचं मेण कढवून डबीत भरून ठेवलंय. अकरा पायऱ्यांची यादी फ्रिजवर लावली आहे. चाळीस वर्षं प्लँटच्या क्वालिटी विभागात काढल्यावर माणूस टिक केल्याशिवाय जेवू शकत नाही.

हिमानीला लिहिलं आहे की कुलपाची पेटी आणली, दारू आणि टोप्या श्रीरामकडे ठेवल्या, आणि पेटीची चावी देवघरात दीपाच्या फोटोमागे आहे. तिचा राग उतरेल अशी आशा आहे. केयासाठी जीव तुटतो.

बाकी बागेत मेथी छान आली होती. परवा हरणं कुंपणावरून आत आली आणि एका सकाळीत सगळी फस्त केली. एक तर माझ्या डोळ्याला डोळा देऊन खात होतं.

सुशांतला आशीर्वाद. राग परत घ्यावा, आशीर्वाद ठेवून घेतो.

तुझा,
उल्हास


अल्फारेटा,
२२ जून २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आ. वि. वि.

अक्षर भिंगातून पाहिलं. तेच आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. जीव भांड्यात पडला.

पण साजूक तूप? इथे मी लोणी जमवून कढवते, चमचा चमचा पुरवते, आणि तू ते बंदुकीला लावतोस? मी हे इथल्या भिशीत सांगितलं तर प्रीताने हातातला वडा खाली ठेवला. तिला बंदुकीचं काही वाटलं नाही, तुपाचं वाटलं. आई असती तर तुला ओट्यासमोर उभं केलं असतं. आई आठवली की मला तिची शेवटची वर्षं आठवतात, म्हणून मी फारसं आठवत नाही.

एवढं मात्र कळत नाही की हजार छंद सोडून तुला हाच का सुचला. ज्याला दर महिन्याला घासावं लागतं असं काही हवंच होतं तर माझी पितळी भांडी पाठवली असती. बागकाम कर, पेटी शीक. पण तू हट्टी आहेस आणि मी लांब आहे.

हिमानीशी जुळवून घे. तिला घाबरवलं आहेस, तेव्हा आधी तू वाक. माझा लोभ तुपात धरून ठेव.

तुझी,
ताई


नोव्हाय,
२८ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोठी बातमी आहे. हिमानी निवळली. नुसती निवळली नाही, तिने मला बोलावलं आहे. जानेवारीपासून तिला रोज ऑफिसात जावं लागणार, आपला जावई अक्षत महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. केयाला शाळेतून गाडीने घरी आणायला आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायला घरचं माणूस हवं. तिने विचारलं, बाबा, सहा महिने येशील का? मी हो म्हणालो नाही, ऑक्टोबरमध्ये सांगतो म्हणालो. ती जरा दुखावली. पण ताई, लहान मूल मागच्या सीटवर बसवायचं म्हणजे माणसाने आधी स्वतःची खात्री करून घ्यायला हवी. नेमकं तेच करतो आहे. का ते भेटीत सांगेन, किंवा नाही सांगणार.

काल रविवार होता. पाचांतले तीन बार कागदावर लागले, आणि घरी येऊन अकराच्या अकरा पायऱ्या केल्या. आज सकाळी नळीतून खिडकीकडे पाहिलं, आरशासारखी लख्ख. फार बरं वाटलं. एवढं बरं वाटण्यासारखं त्यात काय आहे असं तू म्हणशील.

बागेची गंमत सांगायची राहिली. मेथी छान आली होती. परवा हरणं कुंपणावरून आत आली आणि एका सकाळीत सगळी फस्त केली. एक तर माझ्या डोळ्याला डोळा देऊन खात होतं.

नवरात्रात तू इकडे ये. दीपा गेल्यापासून घट बसलेला नाही. लहान भावाची मागणी आहे, मान राख.

तुझा,
उल्हास


अल्फारेटा,
९ ऑगस्ट २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आ. वि. वि.

येते आहे. सुशांतने तिकीट काढलं, वीस सप्टेंबरला सकाळी पोचेन. घट मी बसवेन, धान्य तू आणून ठेव. खंडेनवमीला तुझ्या त्या लोखंडाचीही पूजा करू, हत्यार आहे तर त्याचा मान त्याला मिळायला हवा. एरवी सुशांतच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहून मला कंटाळा आला आहे.

आणि हरणांनी मेथी दोनदा खाल्ली का रे? जूनच्या पत्रातही खाल्ली होती, तेव्हाही डोळ्याला डोळा देऊनच. म्हातारा झालास, तीच गोष्ट पुन्हा सांगतोस. माझे मिस्टर असंच करायचे आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायचे. तुझ्यासाठी मी एवढं करणार नाही.

केयाकडे जायला इतका विचार काय करतोस? हो म्हणून टाक. पोरगी वाट बघते आहे. आल्यावर कान उपटीन, तोवर लोभ उधार ठेव.

तुझी,
ताई


अल्फारेटा,
८ ऑक्टोबर २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. पंधरा दिवस कसे गेले कळलं नाही. तुझ्या घरात पुन्हा घट बसला, मंडळाचा भोंडला झाला, आणि तुझ्या हातची जळकी पोळीही खाऊन झाली. त्या रविवारी तू क्लबातून आल्या आल्या मी तुला भोंडल्याला पिटाळलं, पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही. ते मनाला लागून राहिलं. बायका वाट बघत होत्या म्हणून घाई केली.

खंडेनवमीला पाटावर ते रिव्हॉल्व्हर, तुझा मापं घ्यायचा व्हर्निअर आणि माझी विळी शेजारी शेजारी पाहून मला हसू येत होतं. पण त्याआधी तू पेटी उघडलीस आणि नळी डोळ्याला लावून उभाच राहिलास. डोळे भरून आले होते तुझे. दीपाची आठवण आली असेल म्हणून मी काही विचारलं नाही. तुझ्या त्या यंत्राची भीती आता मला वाटत नाही. त्याला लागतं काय, तर गरम पाणी आणि घासणारा हात.

फ्रीझरमध्ये पुरणाच्या सहा पोळ्या आहेत. वरच्या फळीवरच्या डब्यातली चिंच संपली आहे, नवीन आण. हिमानीला आता हो म्हण. आपला लोभ डब्यात शिल्लक आहे, हवा तेव्हा काढ.

तुझी,
ताई


नोव्हाय,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा नमस्कार. आज तुला सगळं सांगून टाकतो, कारण आता सांगायला भीती उरली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी जेवणाचा डबा घेऊन प्लँटच्या गेटवर पोचलो. आत जायला कार्ड चालेना म्हणून वॉचमनशी हुज्जत घातली. त्याने शांतपणे सांगितलं की सर, तुम्ही गेल्या वर्षी रिटायर झालात. मी हसून वेळ मारून नेली, आणि पार्किंगमध्ये तासभर गाडीत बसलो. ताई, मला आई दिसत होती. तीही आधी अशीच, बंद झालेल्या शाळेत शिकवायला निघायची.

डॉक्टरकडे जायचं धाडस झालं नाही. आधी मला स्वतःला तपासायचं होतं. कॅलेंडरवर मागाहून खूण करता येते, गोळ्यांच्या डबीत उद्याची गोळी आज घेता येते. फ्रिजवरची यादी तर मी न करताही टिक करू शकतो. मला असं काही हवं होतं की जे मी विसरलो तर मला खोटं बोलू देणार नाही. श्रीरामने एकदा त्याचं रिव्हॉल्व्हर दाखवून सांगितलं होतं की एक रात्र विसरलास तर लोखंड दुसऱ्या दिवशी चुगली करतं. त्याच आठवड्यात मी ते मागवलं. ठरवलं, सहा महिने, सहा रविवार. सहाही वेळा गंज चढला नाही तर मी ठीक आहे. एकदा जरी चढला तरी केयाला गाडीत बसवायचं नाही. सत्तावीस ऑक्टोबरची मेमरीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटही घेऊन ठेवली होती.

एप्रिल ते ऑगस्ट पास झालो. सप्टेंबरचा रविवार तू होतीस तेव्हाचा. खरं सांगतो, त्या दिवशी भोंडल्याहून आल्यावर ते धुतल्याचं मला काहीच आठवत नव्हतं. खंडेनवमीला तू पेटी आण म्हणालीस तेव्हा ती उघडूच नये असं मला वाटलं. उघडून पाहिलं तर लख्ख. तोंडापाशी थोडं पांढरट वाटलं, उजेडाचं असेल. म्हणजे मी धुतलं होतं, फक्त धुतल्याचं विसरलो, आणि तेवढं या वयात कोणीही विसरतं. डोकं विसरलं तरी हात विसरले नाहीत. तुला वाटलं मी दीपासाठी रडलो. मी सुटलो म्हणून रडलो.

अपॉइंटमेंट कॅन्सल केली. हिमानीला हो म्हणालो. तीन जानेवारीचं तिकीट आहे, गाडीत मागे केयाला बसवायला लहान मुलांची सीटही निवडून झाली. ताई, किती महिन्यांनी मी शांत झोपतो आहे.

भाऊबीजेला इथूनच पाया पडतो. लोभ आहे हे आता मला आठवणीने ठाऊक आहे.

तुझा,
उल्हास


अल्फारेटा,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. उल्हास,

आज मायन्याचं सुचत नाही. तुझं पत्र काल आलं. वाचून रात्रीच लिहायला बसले.

बाळ, ते तू धुतलं नव्हतंस. मी धुतलं.

खंडेनवमीच्या सकाळी तू आंघोळीला गेला होतास. पाटावर मांडण्याआधी पुसून ठेवावं म्हणून मी देवघरातून चावी काढली आणि पेटी उघडली. नळी आतून काळी आणि तोंडाशी तांबडी झाली होती. चक्राच्या घरांत काजळी तशीच. रविवारचं तसंच पडलं होतं, तीन दिवस. फ्रिजवर पाहिलं तर अकराच्या अकरा टिका. मला वाटलं, मीच घाईने भोंडल्याला नेलं, म्हणून राहून गेलं असेल, आणि टिका सवयीने झाल्या असतील. सणाच्या दिवशी माझ्या भावाला आपल्याच घरात खजील व्हायला नको. तू जूनच्या पत्रात सगळं लिहिलं होतंस, ते माझ्या लक्षात होतं. कढत पाणी, साबण, ब्रश. गंज निघेना म्हणून चिंचेचा कोळ लावून घासलं, जशी देवाची भांडी घासते तसं. तोंडापाशी रंग उडाला, तोच तुझा पांढरा डाग. मग ओव्हन, मग तुझ्या डबीतलं तूप. पेटी बंद करून चावी होती तिथे ठेवली. तुला न सांगता. मला वाटलं मी किती शहाणी.

आईच्या वेळीही मी हेच केलं, उल्हास. ती गॅस चालू ठेवून जायची, मी गुपचूप बंद करायचे. भाजीत दोनदा मीठ घालायची, मी पाणी वाढवायचे. दोन वर्षं मी तिचं झाकलं, आणि डॉक्टर म्हणाले फार उशिरा आणलंत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू तेव्हा इथे अमेरिकेत होतास, तुला वाटलं आजारच तसा वेगाने आला. वेगाने नव्हता आला. मी पुसत होते.

आणि हरणं. तू दुसऱ्यांदा मेथीचं लिहिलंस तेव्हा मी थट्टा केली. मी आईजवळ सहा वर्षं काढली, मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, म्हणूनच थट्टा केली असेल.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तुझी झोप जाईल. पण केया मागच्या सीटवर बसणार आहे. डॉक्टरांची वेळ पुन्हा घे. माझ्यावर रागव, बोलू नकोस, पण वेळ घे.

आज ओवाळायला समोर नाहीस. निरांजन लावून तुझ्या जुन्या पत्रांना ओवाळलं.

तुझी,
ताई


नोव्हाय,
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी आलं. त्याच्या आधीच्या रविवारी, सव्वीसला, मी क्लबात जाऊन आलो होतो. पत्र वाचलं, देवघरातून चावी काढली आणि पेटी उघडली. नळी तांबडी झाली होती. फ्रिजवर अकराच्या अकरा टिका होत्या, माझ्याच पेनाच्या, अगदी सरळ.

त्या दिवशी काही करू शकलो नाही. तुझ्यावर रागावलो, ते लपवत नाही. तू मला एक महिना सुखाचा दिलास आणि परत घेतलास. मग वाटलं, तू पत्र लिहिलं नसतंस तर मी हे रविवारचंही कोणालाच सांगितलं नसतं, घासून टाकलं असतं आणि तिकिटाप्रमाणे गेलो असतो. मी स्वतःही तुझ्यासारखंच केलं असतं. आपण दोघं एकाच आईची पोरं.

डॉक्टरांकडे कोणाची तरी वेळ रद्द झाली, ती मला मिळाली. अठरा तारखेला श्रीराम नेणार आहे. रिव्हॉल्व्हर त्याला देऊन टाकलं, न धुता. तो कळवळला, मी म्हटलं असू दे. हिमानीला मी स्वतः फोन केला. तिने आधी डॉक्टरांची तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, बाबा, तू गाडीसाठी नको येऊस, तू ये. केयाला शाळेतून आणायला ती दुसरी सोय करते आहे. मी घरी बसून केयाला नानकटाई शिकवेन. ओव्हन बंद केलाय का ते केयाला बघायला सांगेन, तिला ते काम आवडेल.

तुझी ती दोन वर्षं मनातून काढून टाक. तू आईचं झाकलंस, कारण तिच्याजवळ तूच होतीस. मी नव्हतो.

आता मला एकच हवं आहे. माझं काही चुकलेलं दिसलं तर गुपचूप नीट करू नकोस. हसू नकोस, पोटात ठेवू नकोस, सरळ सांग. लोभ असाच असू दे, आणि माझा गंज पुन्हा पुसू नकोस.

तुझा,
उल्हास

ता. क. बागेची गंमत सांगायची राहिली. यंदा मेथी छान आली होती, हरणांनी एका सकाळीत सगळी फस्त केली. हे तुला आधी कळवलं होतं का? खरं ते लिही.